रंग शेवटी, आधी पाणी

तुमच्या वसाहतीला दुरुस्तीसाठी एकदाच निधी मिळालाय. निम्मी समिती म्हणते बाहेरून रंग आणि कॅमेरे, निम्मी म्हणते घरातली ओल आणि लिफ्ट. आधी काय, असं विचारलंय तुम्ही. माझं सरळ मत, रंग शेवटी. अल्प उत्पन्न गटाच्या सरकारी इमारतीत रहिवासी समितीचं काम बरीच वर्षं केलंय. त्यातली पहिली काही वर्षं रंग लावण्यातच घालवली, म्हणून सांगतेय.

आमच्याकडे एका घरात पलंगामागच्या भिंतीला तीनदा रंग झाला. तिसऱ्यांदा रंगारीच म्हणाला, "ताई, ही भिंत रंग धरणार नाही, आतून पाणी येतंय." फोडून पाहिलं तर वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी पाइपात नेणारा तुकडा) सांध्यात फुटलेला. अर्ध्या दिवसाचं काम.

तर आधी ओल कुठली ते ओळखा. भिंत पुसून कोरडी करा आणि वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांना टेप मारून पक्की चिकटवा. दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर घरातलीच वाफ थंड भिंतीवर बसतेय. तिथे एक्झॉस्ट फॅन आणि हवा खेळती ठेवणं हा उपाय. फॉइलच्या मागे पाणी असेल तर ते भिंतीतून येतंय, म्हणजे प्लंबर किंवा बाहेरच्या भेगा. कंत्राटदारावर सोडलंत तर तो दोन्हींना एकच वॉटरप्रूफिंगचं कोटेशन देईल.

दुसरं, सगळ्या तक्रारी एका वहीत घ्या: तारीख, घर क्रमांक, फोटो, कोण येऊन गेलं, काय म्हणाला. मग इमारतीचा साधा चौकटी-चौकटींचा नकाशा काढून ओलीची घरं लाल करा. आमच्या नकाशात 204, 304, 404 अशी उभी रेघ उमटली. वेगवेगळ्या तक्रारी समजून आम्ही वर्षानुवर्षं प्लास्टर करत होतो आणि पाइप मात्र एकच होता, सांडपाण्याचा.

अधिकारी म्हणतील, तुम्हीच खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळवता. ऐकून घ्या, पण तिथे थांबू नका. इंग्लंडमध्ये रॉचडेलला एका सामाजिक गृहनिर्माण संस्थेच्या घरात बुरशी होती. वडिलांनी 2017 मध्ये तक्रार केली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, वरून रंग मारा. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. त्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निष्कर्ष 2022 मध्ये मृत्यूच्या अधिकृत चौकशीत निघाला. त्यानंतर अशा तक्रारींवर घरमालकाने ठरावीक मुदतीत कारवाई करावी, असा कायदा तिथे झाला, तो त्या मुलाच्या नावाने ओळखला जातो. त्यामुळे तुमच्या अर्जात "ओल" एवढंच लिहू नका, त्या घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर तेही लिहा.

लिफ्टचं वेगळं. नवी लिफ्ट बसवायला पैसे मिळतात, तिच्या देखभालीला मिळत नाहीत. अमेरिकेत सेंट लुईसला प्रुइट-आयगो नावाची 33 इमारतींची वसाहत होती, प्रत्येक इमारत अकरा मजली. 1954 मध्ये लोक राहायला आले, 1972 मध्ये ती पाडायला सुरुवात झाली. दोष आराखड्याला देण्याची पद्धत आहे (लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायच्या, ते वाईटच होतं), पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा होता. लोक सोडून जायला लागले, भाडं आटलं, दुरुस्त्या थांबल्या, मग आणखी लोक गेले. म्हणून नियमात बसत असेल तर निधीतला काही भाग वार्षिक देखभाल करारासाठी आत्ताच बाजूला काढा. बसत नसेल तर तसं लेखी मागून घ्या.

कॅमेऱ्यांआधी जिन्यातले बंद दिवे लावा. बऱ्याच घरांचं समाधान तेवढ्यात होतं.

आणि रंगवाल्या गटाला पटवायचं कसं? पुढची सभा सगळ्यात जास्त ओल असलेल्या घरात घ्या, त्या घरच्यांची परवानगी घेऊन. आमच्या सभेत खुर्च्या भिंतीला टेकवून बसलेल्यांचे शर्ट पाठीवर दमट झाले. त्या दिवशी रंगाचा विषय कोणी काढला नाही.