वाचकांचे प्रश्न : मग, फेस आणि बिल

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हा ताजी, जागेवर बनवलेली बिअर हे अप्रूप होतं. आता शहरात अशा ब्रुअरी बऱ्याच आहेत आणि वाचकांच्या पत्रांत कौतुकापेक्षा हिशोब जास्त असतो. या वेळची निवडक पत्रं.

प्रश्न : मेन्यूवर ५०० मिली लिहिलेलं असतं, पण मग येतो तेव्हा वरची दोन-तीन बोटं नुसता फेस. विचारलं तर ‘फेस असायलाच हवा’ म्हणतात. खरं काय? (कोथरूड)

उत्तर : फेस हवाच. बिअरचा वास त्यातूनच नाकाशी येतो. दोन-तीन सेंटिमीटर फेस हे चांगल्या ओतण्याचं लक्षण, गव्हाच्या बिअरला त्याहून थोडा जास्त चालतो. वाद फेसाचा नाहीच, मगाच्या मापाचा आहे.

हिशोब करून बघा. मगाचा आतला व्यास ८ सेंमी आणि फेस ३ सेंमी धरला तर फेसाने सुमारे १५० मिली जागा अडवली. फेस विरल्यावर त्यातून ढोबळमानाने पाव भाग बिअर हाती लागते, म्हणजे ३५-४० मिली. आता मगच काठोकाठ ५०० मिलीचा असेल तर तुमच्या पोटात गेली ३९० मिलीच्या आसपास. अशा मगाला ४०० रुपये पडत असतील तर जवळजवळ ९० रुपये हवेत गेले. तोच मग काठापर्यंत ६५० मिलीचा असेल तर फेसासकट तुम्हाला पूर्ण ५०० मिली मिळाली, तक्रारीला जागा नाही.

म्हणून ऑर्डर देतानाच विचारायचा प्रश्न एकच : ‘मग काठापर्यंत भरला तर किती मावतं?’ जर्मनीत मगावर भरण्याची रेघ असते, आपल्याकडे ती क्वचित दिसते. उत्तर गोलमोल आलं तर रिकामा मग आणि बारमधलं मापाचं भांडं मागा, पाणी ओतून अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. फेस जास्त वाटला तर घोट घेण्याआधी दोन-तीन मिनिटं थांबून वरून भरून मागा. अर्धा मग संपल्यावर मागितलं तर कोणीही नाहीच म्हणणार.

नुसता फेसच येत असेल तर कारण बहुधा टॅपमागे असतं : टाकीपासून टॅपपर्यंतची लाइन गरम झाली, वायूचा दाब जुळलेला नाही किंवा केग (बिअरचं पिंप) तळाला आला. चौथं कारण गिऱ्हाइकांनीच लोकप्रिय केलंय, ते म्हणजे फ्रीजरमधला बर्फ धरलेला मग. आतल्या बर्फाच्या कणांवर वायू सुटतो, फेस उसळतो आणि वितळलेलं पाणी बिअरमध्ये जातं. साध्या थंड पाण्याने विसळलेला मग मागा.

प्रश्न : बिलात व्हॅट, जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज असं तिन्ही लावतात. यातलं कायदेशीर काय? (औंध)

उत्तर : पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात बारमध्ये बसून प्यायच्या मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. खाण्यावर आणि बिनमद्याच्या पेयांवर जीएसटी, साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के, बिलावर अडीच-अडीच असा दोन ओळींत.

समजा बिअर ८०० रुपयांची आणि खाणं ६०० रुपयांचं. व्हॅट ८०, जीएसटी ३०, एकूण १५१०. जीएसटीच्या ओळीत ७० दिसले तर त्यांनी तो १४०० वर, म्हणजे बिअरवरही लावलाय. बिलिंगच्या संगणकात पदार्थ चुकीच्या गटात टाकला की असं होतं, आणि ‘बिअर अधिक स्टार्टर’ अशा कॉम्बोत हमखास होतं. कॉम्बोच्या बिलात बिअर आणि खाणं वेगळं दाखवायला सांगा. मेन्यूच्या तळाशी ‘करांसहित’ की ‘कर वेगळे’ तेही आधी वाचून घ्या. दोन ब्रुअरींच्या दरांची तुलना बहुतेकदा तिथेच फसते.

सर्व्हिस चार्ज हा कर नाहीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात जोडायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ च्या निकालात ती मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. ‘हा काढा’ एवढं म्हणणं पुरेसं असावं. नाहीच काढला तर बिलाचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. वेटरची सेवा आवडली असेल तर टीप त्याच्या हातात द्या.

प्रश्न : बिअर खराब आहे असं वाटलं तर परत करता येते का? की ‘आमची चव अशीच आहे’ हे ऐकून घ्यायचं? (बाणेर)

उत्तर : काही चवी मुद्दाम असतात, काही हलगर्जीपणातून येतात. गव्हाच्या हेफेवायझनला केळं-लवंगेचा वास येतो तो यीस्टचा, ती गढूळही असायलाच हवी. आयपीए या शैलीची बिअर कडू लागणारच. यावर तक्रार करून उपयोग नाही.

लोण्यासारखा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास मात्र दोषाचा. एक तर लागर (थंडीत सावकाश मुरणारी बिअर) पुरेशी मुरायच्या आधी टाकीतून काढली किंवा पाइपात जिवाणू वाढलेत. आंबट शैलीची नसलेली बिअर आंबट लागली तरी संशय लाइनवरच घ्या. बिअरच्या लाइन दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकच्या द्रावणाने धुवायच्या असतात, टॅपचं तोंडही सुटं करून. ‘लाइन शेवटची कधी धुतली?’ असं विचारल्यावर कॅप्टनला (वेटरांच्या प्रमुखाला) तारीख सांगता येत असेल तर जागा बरी. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे बिअरला हवा लागली किंवा ती जुनी झाली. उकडलेल्या मक्याचा वास उकळणं कमी पडल्याचा असतो. तो त्या घाण्यात, म्हणजे एका वेळी बनवलेल्या, सगळ्याच बिअरला येईल. त्यामुळे दुसरा मग मागून फरक पडणार नाही, बिअरचा प्रकार बदला.

मगाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर मग तेलकट आहे किंवा साबण राहिलाय. स्वच्छ मगात प्रत्येक घोटानंतर फेसाची कडी उरते.

परत करायची ती पहिल्या दोन घोटांत. ‘आवडली नाही’ म्हणू नका, ‘लोण्याचा वास येतोय, टॅपवरून थोडी घेऊन तुम्हीच बघा’ म्हणा. नेमकं सांगितलं की ब्रुअरपर्यंत निरोप जातो. दुपारी टॅप उघडल्यावरची पहिली बिअर पाइपात रात्रभर थांबलेली असते. ती ओतून टाकायची असते, पण काटकसरीच्या जागी तीच तुमच्या मगात येते. मुळात ऑर्डरआधी ३०-५० मिली चव मागितली की निम्मे वाद होतच नाहीत. तेवढी द्यायलाही खळखळ करणारी ब्रुअरी आमच्या मते टाळावी.

प्रश्न : बाटलीतल्या बिअरपेक्षा ही इतकी महाग का? आणि ३३० मिली परवडतं की ५००? (नाशिक)

उत्तर : लिटरभर बिअरला साधारण दोनशे ग्रॅम किंवा जास्तच माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) लागतं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) बहुतेक आयात. एल या प्रकारची बिअर दोन-तीन आठवडे टाकी अडवते, लागर महिना-दीड महिना. लहान टाक्यांवर भाडं, वीज, पगार सगळं थोड्या लिटरांवर विभागलं जातं. एवढं पटण्यासारखं आहे. त्यापुढचं पैसे जागेचे आणि गाण्याचे.

तुलना रुपयांनी नाही, मिलीने करा. ३०० ला ३३० म्हणजे मिलीला ९१ पैसे, ४०० ला ५०० म्हणजे ८० पैसे. १०० मिलीचे सहा नमुने ६०० ला असतील तर मिलीला एक रुपया. सगळ्यात महाग, पण पहिल्या भेटीत तेच घ्यावेत. ‘एकावर एक’ मध्ये दोन्ही मग एकदम आणून ठेवत असतील तर दुसरा पाणचट होईपर्यंत तुम्ही पहिलाच पीत बसणार. मागितल्यावर आणतात का ते विचारून घ्या.

प्रश्न : पिचर (बिअरचा मोठा जग) स्वस्त पडतो का? (पिंपरी)

उत्तर : चौघांत पडतो. दोघांत घेतला तर तळाची बिअर कोमट आणि वायू उडालेली.

प्रश्न : ग्राउलरमध्ये (पार्सलच्या मोठ्या काचेच्या बाटलीत) घरी आणलेली बिअर दुसऱ्याच दिवशी सपक झाली. फसवलं का? (वाकड)

उत्तर : भरताना बघायला हवं होतं. पार्सलचा परवाना असलेल्या जागीही टॅपखाली उघडा धरून भरला तर अर्धा वायू तिथेच जातो आणि हवा आत शिरते. आधी कार्बन डायऑक्साइड सोडून आतली हवा घालवायची, मग तळापर्यंत पोचणारी नळी लावून सावकाश भरायचा, वर थोडी जागा सोडून झाकण घट्ट. ग्राउलर आधी थंड केलेला हवा. घरी थेट फ्रीजमध्ये, उभा. फ्रीजरमध्ये कधीही नाही, काच फुटते. उघडल्यावर त्याच दिवशी संपवा. न उघडताही आठवडाभर ठेवायची ती वस्तू नव्हे, आणि गाडीच्या डिकीत दुपारभर राहिला असेल तर ब्रुअरीला दोष देऊ नका.