कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओसाठी ऑडॅसिटीवर छोटे बंपर कसे बनवायचे?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओसाठी पाच-सात सेकंदांचे बंपर करायचे आहेत. हाताशी एक लॅपटॉप, एक साधा यूएसबी माइक आणि ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड-संपादित करायचं सॉफ्टवेअर आहे. एवढ्यात भागेल का, की पैसे भरून दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं? भागतं, अगदी आरामात भागतं. मी परभणीकडचा. छोटी रेकॉर्डिंगची खोली चालवतो. प्रचाराच्या रिक्षा, अखंड हरिनाम सप्ताह, बी-बियाण्यांची दुकानं, सगळ्यांचं रेकॉर्डिंग इथंच होतं, आणि अधूनमधून रेडिओचे बंपरही. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट मिळतंय आणि सात सेकंदांच्या कामाला जे लागतं ते सगळं त्यात आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. कार्यक्रम आणि जाहिराती यांच्या सांध्यात वाजतो तो बंपर, दोन गाण्यांच्या मधून सुर्रकन जातो तो स्वीपर, नुसत्या आवाजातली ओळ म्हणजे लायनर. कोण कशाला काय म्हणतं यावर वाद घालत बसू नका. काम एकच: ऐकणाऱ्याला आपण कुठलं स्टेशन लावलंय ते कळलं पाहिजे, आणि पुढचं ऐकायला तो थांबला पाहिजे.

माझ्या मते बंपर बिघडतो तो कागदावर. 'आपण ऐकत आहात ज्ञान, मनोरंजन आणि लोकजागृतीचे आपल्या सर्वांच्या हक्काचे एकमेव व्यासपीठ' असली ओळ घेऊन लोक येतात आणि म्हणतात, जरा इफेक्ट टाका. कितीही इफेक्ट टाकले तरी ती उद्घाटनाची पत्रिकाच राहते. पाच-सहा सेकंदांत सावकाश बोललेले दहा-बारा शब्द मावतात. त्यातले चार-पाच तुमच्या केंद्राचं नाव आणि फ्रिक्वेन्सी खाणार. उरले सहा-सात. ते माणसाशी बोलणारे असावेत. उदाहरणार्थ, दिवाळीच्या आसपास: 'कापूस येचायलाव? कान तेवढा इकडं असू द्या. अमुक रेडिओ, नव्वद पॉइंट चार.' नाव आणि आकडा शेवटी ठेवा, कारण शेवटचं ऐकलेलं डोक्यात राहतं. आकडा लोक बोलतात तसाच बोला. 'दशांश' कुणी म्हणत नाही.

बोलीत बंपर करावेत का, असा तुमचा उपप्रश्न होता. जरूर करा, पण ज्याची बोली त्याच्याच तोंडून. लातूर-नांदेडकडचं 'करायलाव' आणि बीडकडचं 'मपलं' एकाच निवेदकानं ओढूनताणून म्हटलं की ते नाटकातल्या गावंढळ पात्रासारखं वाटतं, आणि गावाकडच्या माणसाला ते लगेच टोचतं. कँटीनमधल्या मावशी, शिपाईमामा, पहिल्या वर्षाची एखादी पोरगी यांना माइकपुढं बसवा. लिहून दिलेलं वाचायला लावू नका; सांगा, 'तुम्ही शेजारणीला कसं सांगाल तसं सांगा.' पहिल्या दोन-तीन वेळा आवाज ताठ येतो, मग सैल पडतो. तो सैल पडलेला टेक घ्यायचा.

रेकॉर्डिंगची खोली हा मराठवाड्यात वेगळाच विषय आहे. एप्रिल-मे महिन्यात पंखा बंद करून माणूस बसवणं म्हणजे शिक्षाच, पण पंखा चालू ठेवून चालत नाही. त्याची घरघर नंतर ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शन या इफेक्टनं काढता येते, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. सकाळी सातच्या आत उरकून घ्या. तीन बाजूंना वाकळी टांगा. जुन्या साड्या-लुगड्यांच्या थरांची जाड वाकळ खोलीतला घुमारा चांगला शोषते, विकतचा फोम लागत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. आपल्याकडं अनेक इमारतींत अर्थिंग नावालाच असतं, आणि ती हलकी 'हूं' बहुतेक वेळा तिथूनच येते. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' यांचा फटका थेट बसत नाही. ट्रॅक मोनो, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा नसलेला. पातळी अशी की मोठ्यात मोठा आवाज उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या मध्ये राहील. लाल रेघ दिसली तर टेक पुन्हा घ्या, फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही. आणि बोलायच्या आधी चार-पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. ती शांतता रेकॉर्ड झालेली असली की नॉइज रिडक्शनला खोलीचा नमुना मिळतो.

एक सवय मात्र आजच मोडा. निवेदक घरून व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवतात आणि तीच बंपरला वापरली जाते. व्हॉइस नोट दाबूनच जाते, तिच्यातला बारकावा निघून गेलेला असतो. फोनच्या रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड करून फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

आता ऑडॅसिटीत. नमुन्याची शांतता निवडून नॉइज रिडक्शनमध्ये प्रोफाइल घ्या, मग पूर्ण ट्रॅकवर सहा ते दहा डेसिबल इतकंच लावा. जास्त लोभ नको. हाय-पास फिल्टर (खालच्या पट्टीचे आवाज कापणारा) ऐंशी-शंभर हर्ट्झला, म्हणजे टेबलाची धडधड आणि विजेच्या त्या 'हूं'चा बराचसा भाग जातो. हलका कंप्रेसर, म्हणजे मोठ्या-बारीक आवाजातला फरक कमी करणारा इफेक्ट. एवढंच. आवाज 'चकचकीत' करायला ट्रेबल वाढवू नका, याला कारण आहे. एफएममध्ये प्रक्षेपणाआधी वरच्या पट्टीचे आवाज मुद्दाम वाढवले जातात आणि रेडिओत परत कमी केले जातात, सरसर कमी यावी म्हणून. तुम्ही आधीच 'स', 'श', 'च' टोकदार करून दिलेत, की ट्रान्समीटरपाशी ते लिमिटरला, म्हणजे ठरावीक पातळीवर आवाज अडवणाऱ्या यंत्रणेला, धडकतात आणि फाटतात. 'संभाजीनगर', 'शेतशिवार', 'सोयाबीन' असले शब्द आपल्याकडं दर वाक्याला येतात, म्हणून सांगतो.

ओळ कापताना आधीचा श्वास पूर्ण उडवू नका, नाहीतर माणूस एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. नुसता कमी करा. कापलेल्या जागी 'टक' वाजत असेल तर निवड करून झेड दाबा. निवडीच्या कडा लाटेच्या शून्य रेषेवर सरकतात आणि टकटक जाते.

खालच्या संगीतासाठी ऑटो डक नावाचा इफेक्ट आहे. संगीताच्या ट्रॅकच्या लगेच खाली आवाजाचा ट्रॅक ठेवायचा, संगीत निवडून इफेक्ट लावायचा, बोलणं सुरू झालं की संगीत आपोआप दबतं. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला तो उत्तम. सहा सेकंदांना मी एन्व्हेलप टूलच वापरतो. संगीताच्या रेषेवर हातानं बिंदू टाकायचे: पहिला ठोका पूर्ण, शब्द सुरू व्हायच्या किंचित आधी बारा-पंधरा डेसिबल खाली, नाव संपलं की परत वर आणि वाद्य स्वतःहून विरेपर्यंत सोडून द्यायचं. ती शेवटची सेकंदभराची शेपटी कापू नका. पुढचं गाणं तिच्यावरच चढवायचं असतं.

संगीत कुठून आणायचं, हा खरा प्रश्न. सिनेगीताचे पाच सेकंद चालतात, असा समज सगळीकडं आहे. कायद्यात अशी सेकंदांची सवलत कुठंही नाही. शिवाय गाणं प्रसारित करायचा परवाना असणं वेगळं आणि तेच गाणं कापून स्वतःच्या ओळखीच्या धूनमध्ये मिसळणं वेगळं. फ्रीसाउंडसारख्या साइटवरून घेणार असाल तर प्रत्येक फाइलचा परवाना वाचा. 'नॉन-कमर्शियल' लिहिलेलं असेल तर सोडून द्या, कारण कम्युनिटी रेडिओवर जाहिराती असतात. सीसी-झिरो, म्हणजे करणाऱ्यानं हक्क सोडून दिलेली फाइल, निर्धास्त घ्या.

पण आपल्याकडं असताना बाहेर जावंच कशाला? हलगीचा एक ठोका घ्या. विस्तवावर तापवून ताणलेली हलगी कडाडते; आवाज झटकन चढतो, लगेच संपतो आणि बराचसा मधल्या-वरच्या पट्टीत असतो, त्यामुळे मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधूनही स्वच्छ येतो. याउलट जड बास असलेला इंग्रजी थाटाचा 'धूम' हेडफोनवर भारी वाटतो आणि मोबाइलवर गायब होतो, कारण त्या स्पीकरला खालची पट्टी झेपतच नाही. तुळजापूरच्या बाजूचे असाल तर संबळ आहे. मोंढ्यातला सोयाबीनच्या सौद्याचा पुकारा, एसटीच्या कंडक्टरची डबल बेल, एकनाथ षष्ठीला पैठणच्या वाटेवरच्या दिंडीचे टाळ, जात्याची घरघर, हे सगळं फोनवर टिपता येतं. हलगी-संबळ टिपताना मात्र आठ-दहा पावलं मागं उभं राहा. जवळून घेतली तर फोनचा माइक दमतो आणि कडाडण्याऐवजी नुसता फर्रर्र येतो.

जात्यावरची ओवी टिपलीत, तर ती पारंपरिक असली तरी गाणाऱ्या आजींच्या गायनावर त्यांचा हक्क असतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क कलम ३८ मध्ये आहे. म्हणून साध्या मराठीत दोन ओळींचं संमतीपत्र करा, वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या. आणि जमेल तसं मानधन द्या. बिनपैशाचं 'सहकार्य' मागायची आपल्याकडं फार सवय आहे.

धून एकदा ठरली की ती वर्षानुवर्षं बदलू नका. आकाशवाणीची संकेतधून बघा. वॉल्टर कॉफमन या परदेशातून आलेल्या संगीतकाराची ती रचना, तिच्यात एक शब्द नाही, पण परभणी केंद्र लावणाऱ्या घरांत पिढ्यानपिढ्या सकाळ तिच्यावरच उजाडली. पोरं दर महिन्याला नवी धून आणतात, त्यांना आवरा. ओळी बदला, आवाज बदला, ऋतू बदला. ठोका आणि शेवटचे दोन स्वर तेच ठेवा.

तपासणी हेडफोनवर करू नका, म्हणजे तिथंच थांबू नका. ट्रॅक निवडून मोनो करून ऐका. डावी-उजवीकडं पसरवणारे इफेक्ट मोनोत एकमेकांना खातात, कधीकधी आवाज अर्धा होतो. कम्युनिटी रेडिओच्या प्रक्षेपणाला सहसा शंभर वॉटची मर्यादा असते, एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, आणि मध्ये बालाघाटचा एखादा डोंगर आला की कडेच्या गावांत रेडिओ आपोआप मोनोवर येतो. म्हणजे तुमचा स्टिरिओ तिथपर्यंत पोचतच नाही. मग फाइल फोनवर घ्या, फोन खिशात टाका आणि चालू ट्रॅक्टरजवळ किंवा पिठाच्या गिरणीत उभं राहून ऐका. तिथं नाव कळलं तर बंपर पास. नाही कळलं तर संगीत आणखी खाली घ्या; आवाज वर नेऊ नका.

सगळे बंपर लाउडनेस नॉर्मलायझेशनमधून एकाच आकड्यावर आणा, नाहीतर एक कुजबुजतो आणि दुसरा ओरडतो. कार्यक्रमांसाठी केंद्रात जो आकडा वापरता तोच घ्या. निर्यात वेव्ह या न दाबलेल्या फाइलमध्ये, १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ. एमपीथ्री करून पुन्हा संपादित केलं की दर खेपेला आवाज झिजतो.

आणि प्रोजेक्टची मूळ एयूपी-थ्री फाइल जपा, ओळीचे तुकडे वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा, गावाचं-जिल्ह्याचं नाव तर वेगळंच रेकॉर्ड करून ठेवा. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. अशा वेळी तुकडे वेगळे असतील तर एक शब्द बदलून दहा मिनिटांत काम होतं. नसतील तर मावशींपासून हलगीवाल्यापर्यंत सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागतं, आणि सुगीच्या दिवसांत हलगीवाला सापडत नाही.