रिसायकल होणारा कॉफी पॉड, म्हणजे मशीनमध्ये बसवायची एका कपाच्या कॉफीची प्लास्टिकची डबी, मजबूतही हवा आणि सुईने चटकन टोचलाही जायला हवा. हे जमवायचं कसं?

तुमचा प्रश्न असा आहे: पॉड पॉलिस्टायरीन या प्लास्टिकऐवजी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये केला की रिसायकलिंगला जातो, पण मशीनची सुई तळाला नीट भोक पाडत नाही. जाडी कमी केली तर पॉड हातातच चेपतो. मग करायचं काय?

मी थर्मोफॉर्मिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिकची शीट तापवून साच्यात आकार देण्याच्या कामात आहे आणि याच अडचणीत बरेच महिने घालवले आहेत. आधी सांगतो, सरसकट जाडी कमी करू नका. पॉडला ताकद लागते भिंतीला आणि कडेला. सुई लागते तळाच्या नखाएवढ्या जागेवर. या दोन जागा वेगळ्या आहेत, तर प्लास्टिकही तिथे वेगळं वागेल असं बघायचं.

पॉलिस्टायरीनची सवय झालेल्याला पॉलिप्रॉपिलीन चकवतं. पॉलिस्टायरीन साधारण 100 अंश सेल्सियसपर्यंत काचेसारखं कडक असतं, सुई टेकली की टक्कन तडा जातो आणि भोक पडतं. पॉलिप्रॉपिलीनचा तो काचेसारखा कडकपणा शून्य अंशाच्या आसपासच संपतो, म्हणून खोलीच्या तापमानाला ते फुटत नाही, ताणतं. मी एकदा झाकण आणि फिल्टर काढून रिकामा पॉड हाताने हळूहळू सुईवर दाबला आणि वरून बघत राहिलो. तळ आधी तंबूसारखा वर उचलला गेला. मग टोकाशी मोहरीएवढा पांढरा ठिपका आला, तो पसरला, आणि बऱ्याच वेळाने सुई एकदम आत उसळली. खरा घोळ त्या उसळीत आहे. तोपर्यंत तळ दोन-तीन मिलिमीटर आत गेलेला असतो, तेवढ्याने सुईचं टोक फिल्टरच्या कागदाला लागतं आणि कपात चोथा उतरतो. शिवाय ताणलेलं प्लास्टिक सुईभोवती गच्च आवळून बसतं, पॉड काढताना सुटत नाही.

यावर मला तीन गोष्टींचा उपयोग झाला. पहिली म्हणजे ग्रेड, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा प्रकार. इम्पॅक्ट कोपॉलिमर (रबरासारखा भाग मिसळलेला प्रकार) चिवट असतो, म्हणून तो घ्यावासा वाटतो, पण त्याच चिवटपणामुळे भोक पडत नाही. होमोपॉलिमर (निव्वळ पॉलिप्रॉपिलीन) घ्या, न्यूक्लिएटिंग एजंट, म्हणजे प्लास्टिकमध्ये बारीक स्फटिक बनवणारा पदार्थ, असलेला. तो जास्त ताठ असतो आणि फाटण्याआधी कमी ताणतो.

दुसरी म्हणजे टाल्क, प्लास्टिकमध्ये मिसळायची खनिजाची पूड. त्याने ताठरपणा वाढतो, प्लास्टिक कमी ताणतं, सुईला काम सोपं जातं. मग भरपूर टाकू, असं मलाही वाटलं होतं. पण रिसायकलिंगमध्ये प्लास्टिकचा चुरा पाण्यात सोडून तरंगणारं आणि बुडणारं वेगळं करतात. पाण्याची घनता 1 धरली तर पॉलिप्रॉपिलीनची 0.90 ते 0.91, म्हणजे ते तरंगतं. टाल्कची 2.7 च्या वर. वजनाने 10 टक्के टाल्क टाकला तर मिश्रण 0.97 च्या आसपास राहतं, 15 टक्क्यांना ते पाण्याच्या बरोबरीला येतं आणि 20 टक्क्यांना सरळ बुडतं. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तेच हातचं जातं. 10 टक्क्यांच्या आत राहा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तळाची जाडी. थर्मोफॉर्मिंगमध्ये प्लग, म्हणजे तापलेली शीट साच्यात ढकलणारा ठोकळा, शीटला जिथे आधी टेकतो तिथे शीट थंड होते आणि ताणत नाही. त्यामुळे तळ जाड राहतो आणि कोपरे पातळ होतात, आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट! प्लगचा आकार, त्याचं मटेरियल आणि टायमिंग बदलून तळातला माल कोपऱ्यांकडे आणता येतो. त्यासोबत सुईच्या जागेभोवती तळाला एक कडं द्या, म्हणजे तळ तंबूसारखा उचलला जाणार नाही. भिंतीला उभ्या रिब (उठलेल्या रेघा) दिल्या की पातळ भिंतही चेपत नाही.

छिद्राचा तुकडा मात्र सुटून पडता कामा नये. तो पाकळीसारखा एका बाजूने चिकटून राहिला पाहिजे, नाहीतर तो थेट कपात येईल.

रिसायकलिंगचं थोडक्यात: काळा रंग टाळा, कारण कार्बन ब्लॅक असलेलं प्लास्टिक सॉर्टिंगच्या इन्फ्रारेड सेन्सरला दिसत नाही. झाकण ॲल्युमिनियमचं असेल तर सोलायला नीट पकडता येईल अशी जीभ द्या. ऑक्सिजन अडवायला ईव्हीओएच या दुसऱ्या प्लास्टिकचा थर लागतोच, कारण पॉलिप्रॉपिलीनमधून हवा शिरते आणि कॉफी शिळी होते. तो लागेल तेवढाच ठेवा. हे सगळं अशक्य नाही. क्युरिग या अमेरिकन कॉफी मशीन कंपनीने आपले के-कप नावाचे पॉड 2020 अखेरपर्यंत पॉलिप्रॉपिलीनवर आणले.

चाचणी करताना दोन गोष्टी विसरू नका. पॉड फ्रीजरमध्ये ठेवून मग खाली टाकून बघा, कारण थंडीत हेच होमोपॉलिमर ठिसूळ होतं आणि कोपऱ्यात तडकतं. आणि टोचण्याची चाचणी नव्या सुईवर करू नका. शेकडो कप करून बोथट झालेली सुई घ्या आणि मशीनच्या वेगानेच दाबा. मी पहिल्या खेपेला नव्या सुईवर सगळे नमुने पास केले होते आणि जुन्या मशीनवर त्यातले निम्मे अडले.