‘ब्लॅक गोल्ड’ (2011) या वाळवंटातल्या तेलाच्या चित्रपटाची कथा खरी आहे का?

नाही, कथा पूर्णपणे काल्पनिक आहे. होबेका आणि सल्मा ही राज्यं नकाशावर कुठेच सापडणार नाहीत. ज्याँ-जाक आनो यांचा हा चित्रपट हान्स र्‍यूश यांच्या 1957च्या कादंबरीवर बेतलेला आहे. त्यामुळे अमीर नसीब (अँटोनियो बँडेरास), सुलतान अमार (मार्क स्ट्राँग) किंवा अमारचा मुलगा औदा यांच्यामागे अमुक एक खरा राजा शोधत बसू नका. मात्र पार्श्वभूमी अगदीच हवेतली नाही. दोन्ही राजे ज्या ‘पिवळ्या पट्ट्या’वर हक्क सोडतात आणि मग तिथेच तेल निघतं, तसा प्रकार प्रत्यक्षातही घडला आहे: 1922च्या उकैर करारात नज्द (आजचा सौदी अरेबिया) आणि कुवेत यांच्यामध्ये तटस्थ पट्टा आखला गेला आणि 1953मध्ये तिथल्या वफ्रा भागात तेल लागलं. फरक इतकाच की तिथे उंटांच्या फौजा एकमेकांवर तुटून पडल्या नाहीत, दोन्ही देशांनी उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून घेतलं. चित्रपटातला काळ साधारण 1930च्या दशकाचा आहे. बहरीनमध्ये 1932ला, तर सौदी आणि कुवेतमध्ये 1938ला तेल सापडलं, म्हणजे काळाचा मेळ बरा बसतो. युद्धाचे प्रसंग आणि राजकन्या लैलाचं (आपल्या मुंबईची फ्रिडा पिंटो) लग्न वगैरे मात्र निव्वळ मसाला समजा. आणि दिसणारं वाळवंट? चित्रीकरण ट्युनिशिया आणि कतारमध्ये झालं आहे.