कॅलिफोर्नियातली शाळांच्या प्रमुखाची निवडणूक आणि तुमचं ऑगस्टमधलं येणं

ताई म्हणून विचारलंत, मग जरा सविस्तरच लिहिते. मिस्टरांचा एल-वन, म्हणजे कंपनीकडून बदलीचा व्हिसा, झालाय, ऑगस्टमध्ये पुण्याहून बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, यायचंय, मुलगा नऊ वर्षांचा, मुलीला जूनमध्ये चार पूर्ण. आणि कुणीतरी तुम्हाला घाबरवून ठेवलंय की कॅलिफोर्नियात यंदा शाळांच्या सगळ्यात मोठ्या पदाची निवडणूक आहे, नको तो माणूस आला तर सरकारी शाळांचं वाटोळं, तर थांबावं का, की टेक्सासची ऑफर घ्यावी.

थांबू नका. निदान ह्या कारणासाठी तरी नको.

आपल्याकडे शिक्षणमंत्री मुख्यमंत्री ठरवतात, इथे 'सुपरिंटेंडंट ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन' हा माणूस अख्ख्या राज्यातले मतदार थेट निवडून देतात. चार वर्षांची टर्म, जास्तीत जास्त दोन. आत्ताचे टोनी थर्मंड २०१८ आणि २०२२ असे दोनदा निवडून आले, त्यामुळे त्यांना परत उभं राहता येत नाही आणि म्हणून यंदा खुर्ची रिकामी. २ जूनला प्रायमरी, म्हणजे पहिली फेरी, त्यात कुणाला निम्म्याहून जास्त मतं पडली तर तिथेच निकाल, नाहीतर पहिले दोघं ३ नोव्हेंबरला समोरासमोर. नवीन माणूस बसणार जानेवारी २०२७ मध्ये, तोवर तुमच्या मुलाचं अर्धं वर्ष संपलेलं असेल.

बॅलटवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत, पण कोण कुणाचा हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. २०१८ मध्ये तर थर्मंड आणि मार्शल टक दोघंही डेमोक्रॅटच होते, खरं भांडण शिक्षकांच्या युनियन विरुद्ध चार्टर शाळावाले (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) असं होतं आणि त्यात पाच कोटी डॉलरच्या वर पैसा ओतला गेला, शिक्षणाच्या पदासाठी! पहिल्या रात्री टक पुढे होते, मग पोस्टाची मतं मोजता मोजता थर्मंड पुढे गेले आणि दीड आठवड्याने कुठे टकनी हार मानली.

एवढा पैसा ओतून हातात काय येतं, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. अगदीच तसंही नाही म्हणा, राज्याचं शिक्षण खातं हाच माणूस चालवतो, यूसी आणि कॅल स्टेट ह्या दोन्ही युनिव्हर्सिटींच्या बोर्डांवर पदसिद्ध सभासद असतो, आणि राज्यभर आवाज ऐकला जातो. पण धोरण ठरवणारं स्टेट बोर्ड वेगळं, ११ जणांचं, ते गव्हर्नर नेमतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा इथला राज्याचा प्रमुख. पैसा विधिमंडळ आणि गव्हर्नर ठरवतात. आणि प्रत्यक्ष शाळा चालवतात हजारेक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, प्रत्येकाचं आपापलं निवडून आलेलं बोर्ड.

ह्याचं एक उदाहरण सांगते म्हणजे लक्षात येईल. २०२३ च्या जुलैत दक्षिणेकडच्या चिनो व्हॅली डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने असा ठराव आणला की मूल शाळेत वेगळं जेंडर सांगत असेल तर आईवडिलांना कळवायचं. थर्मंड स्वतः त्या मीटिंगला गेले, इतरांसारखेच लाइनीत बोलले, ठरलेला वेळ संपला, परत माईककडे गेले तर त्यांना बाहेर नेण्यात आलं. राज्याचा शिक्षणप्रमुख! ठराव पास झाला. पुढे राज्य सरकारने डिस्ट्रिक्टला कोर्टात खेचलं आणि २०२४ मध्ये कायदा करून असे नियम बंद केले, पण ते ॲटर्नी जनरल आणि विधिमंडळाने केलं, सुपरिंटेंडंटने नाही. त्या मीटिंगच्या अध्यक्ष होत्या सोन्जा शॉ, आणि त्याच आता ह्या पदासाठी उतरल्यात. समोर विधानसभेच्या शिक्षण समितीचं काम पाहिलेले अल मुरात्सुची वगैरे बरेच जण. म्हणजे टीव्हीवर खडाजंगी भरपूर होईल, घाबरू नका.

तुमच्या मुलाचा वर्ग ठरतो तो तुमच्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर. तिथे लक्ष घाला. रस्त्याच्या ह्या बाजूला एक डिस्ट्रिक्ट आणि त्या बाजूला दुसरं असं सर्रास आहे आणि नावं तर विचारूच नका, फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट हे फ्रीमाँट गावात नाहीच, ते क्युपर्टिनो-सनीवेलकडे, आणि फ्रीमाँट गावाचं ते फ्रीमाँट युनिफाइड. ह्यात फसून लीज सही केलेले लोक मी पाहिलेत. शिवाय हद्दीत राहताय म्हणजे जवळचीच शाळा मिळेल असंही नाही, वर्ग भरला असेल तर त्याच डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेत पाठवतात आणि मग रोज सकाळी गाडीचा फेरा तुमच्या गळ्यात.

पैशाचंही तसंच. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ह्या मतदारांनीच पास केलेल्या कायद्याने प्रॉपर्टी टॅक्सला लगाम घातला, तेव्हापासून शाळांचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर आला. पण पालो अल्टोसारख्या ठिकाणी घरंच इतकी महाग की स्थानिक टॅक्समधूनच राज्याच्या हिशोबापेक्षा जास्त जमतं, आणि ते पैसे तिथेच राहतात. बाकीचे मतदारांकडे पार्सल टॅक्स मागतात, म्हणजे प्रत्येक घर-जमिनीवर जादा स्थानिक कर, त्याला सहसा दोन तृतीयांश मतं लागतात. तो पडला की संगीत, लायब्ररी, काउन्सेलर ह्यांच्यावर गदा. माझ्या मते तुम्ही बघायची निवडणूक ही आहे, वरची नाही.

आता मत द्यायचं विचारलंत. नाही देता येणार, सिटिझन लागतं. सॅन फ्रान्सिस्को शहरात तेवढं तिथल्या स्कूल बोर्डासाठी सिटिझन नसलेल्या पालकांनाही मत आहे, पण माझं ऐकाल तर व्हिसावर असताना त्या भानगडीत वकिलाला विचारल्याशिवाय पडू नका. आणि डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, लायसन्सचा फॉर्म भरताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे दहा वेळा वाचून 'नाही' करा. चुकून नाव नोंदलं गेलं तर ग्रीन कार्डच्या वेळी केवढ्याला पडेल. माझ्याकडे आता बॅलट पोस्टाने घरी येतं, पण त्याला चौदा वर्षं लागली.

मत नाही म्हणून गप्प बसायची पण गरज नाही. स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये कुणीही उठून बोलू शकतं, शाळेच्या साइट कौन्सिलवर, म्हणजे पालक-शिक्षकांच्या समितीवर, पालक निवडून जातात, तिथे पासपोर्ट कुणी विचारत नाही. मी कशी गेले तर रागाने गेले. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म येतो, मूल आधी कोणती भाषा शिकलं, घरी काय बोलतं वगैरे, मी अभिमानाने सगळीकडे मराठी लिहिलं. मग लेकीची एल्पॅक नावाची इंग्रजीची परीक्षा झाली, इंग्लिश लर्नर, म्हणजे इंग्रजी अजून शिकतेय, असा शिक्का बसला आणि तो निघायला तीन वर्षं गेली, मला मधे कुणी धड समजावूनही सांगितलं नाही. असे २१ किंवा जास्त विद्यार्थी असले की शाळेत पालकांची समिती लागतेच, तिच्यात जाऊन बसले तेव्हा कुठे नियम कळले. म्हणून काही फॉर्मवर खोटं लिहू नका, मुलाशी घरी मराठी बोलता तर मराठीच लिहा, फक्त शिक्का कधी आणि कशाने निघतो हे पहिल्याच महिन्यात विचारा. आणि ती मराठी सोडू नका, बारावीला दोन भाषा नीट येतात असं सिद्ध केलं की डिप्लोम्यावर राज्याचं 'सील ऑफ बायलिटरसी' लागतं, आणि ते सील डिस्ट्रिक्टला पाठवतं कोण, तर हेच सुपरिंटेंडंटचं ऑफिस.

मुलीसाठी आनंदाची बातमी, १ सप्टेंबरपर्यंत चार पूर्ण असलेल्या सगळ्या मुलांना २०२५-२६ पासून टीके, म्हणजे केजीच्या आधीचं वर्ष, सरकारी शाळेत फुकट. प्रीस्कूलची फी ऐकलीत तर झीट येईल, त्यामुळे हे सोडू नका. सकाळ-दुपारचं खाणंही दोघांना फुकट, शाकाहारी असाल तर चीज पिझ्झ्याचा कंटाळा येईल एवढंच.

लसीचं मात्र पुण्यातच उरका. इथे २०१६ पासून 'आमचा विश्वास नाही' ही सबब चालत नाही. सरकारी दवाखान्यात एमआर (गोवर-रुबेला) दिली असेल तर त्यात गालगुंडाची लस नसते, इथे एमएमआर मागतात, आणि कांजिण्यांची आपल्याकडे सरकारी यादीत नाही, तीही लागते. सँटा क्लारा काउंटीत टीबीची तपासणीही मागतात. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते त्यामुळे त्वचेवरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, डॉक्टरांना रक्ताची टेस्ट करायला सांगा.

टेक्सासचं म्हणाल तर तिथला शिक्षणप्रमुख गव्हर्नर नेमतो, ही निवडणूकच नाही, म्हणून तिथल्या शाळांत राजकारण नाही असं समजू नका. ऑफर पगार आणि घरभाडं बघून ठरवा.

घर आवडलं की पत्ता आधी डिस्ट्रिक्टच्या स्कूल लोकेटरमध्ये टाका आणि ऑफिसला फोन करून चौथीत आणि टीकेत जागा आहे का विचारा. जूनमध्ये सुट्टी लागली की ऑफिसात फोन उचलायला माणूस मिळणं कठीण, तेव्हा मेमध्येच करा. इथले सकाळचे नऊ म्हणजे तुमचे रात्रीचे साडेनऊ.