पंप वाढवलेला टिप्पर घाटात पिकअप सोडतो; डिझेलचं प्रेशर टिकवायचं कसं?

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं समजलो: जुना दहा चाकी टिप्पर, सहा सिलिंडर, इनलाइन पंप (सिलिंडरना डिझेल फवारायला देणारा मोठा पंप). पंपवाल्याकडून पंपाची सेटिंग बदलून डिझेल वाढवून घेतलं, वरून टर्बो बसवला. रिकामी गाडी मस्त पळते, पण गिट्टी भरून मोताळ्याकडून राजूर घाट चढताना अर्ध्यात पिकअप बसतो. बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलं की पुन्हा ओढते. कुणीतरी सांगितलं, "प्रेशर पडून राह्यलं, इलेक्ट्रिक पंप लावून टाक." तर लावू का?

आत्ताच लावू नका. आधी धूर पाहा, त्याला खर्च नाही. पिकअप बसतो तेव्हा मागून काळा धूर निघत असेल, तर इंजिनला डिझेल भरपूर मिळतंय आणि हवा कमी पडतेय. मग एअर फिल्टर, टर्बोचे होज, ढिली क्लिप हे पाहा, डिझेलच्या लाइनला हात लावू नका. ताकदही गेली आणि धूरही नेहमीपेक्षा कमी झाला, तर मात्र मोठा पंप उपाशी आहे, म्हणजे त्याला पुरेसं डिझेल पोचत नाही. थांबल्यावर पुन्हा ओढते असं तुम्ही म्हणता, त्यावरून मला पंप उपाशी असण्याची शक्यता जास्त वाटते.

आता थोडा हिशेब. मूळ इंजिन १३० एचपीचं धरा. पूर्ण भारावर ते तासाला साधारण २५ लिटर डिझेल खातं. वाढवून १८० एचपी केलं तर ३६ लिटरच्या आसपास. म्हणजे वाढ झाली तासाला ११ लिटर, मिनिटाला पाव लिटरपेक्षाही कमी. मोठ्या पंपाच्या बाजूला बसवलेला फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) इंजिनाला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल ढकलतो, उरलेलं रिटर्नने टाकीत परत जातं. त्यामुळे चांगल्या फीड पंपाला एवढी वाढ जड जाऊ नये. तरी प्रेशर पडतंय म्हणजे बहुतेक वेळा वाटेत कुठेतरी गळा आवळला गेलाय, किंवा लाइन हवा ओढतेय. गाडी मूळ सेटिंगवर होती तेव्हा हा दोष लपून राहत होता. डिझेल वाढवल्यावर तो उघडा पडला, एवढंच. अशा लाइनवर इलेक्ट्रिक पंप लावला की दोष पुन्हा काही महिने झाकला जातो आणि पैसे जातात ते वेगळेच.

गेज लावल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नका. फीड पंपातून डिझेल फिल्टरला जातं आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाला. गेजची टी (तीन तोंडांचा जोड) फिल्टरच्या पुढे, मोठ्या पंपाच्या तोंडाशी हवी. अनेक जण फिल्टरच्या आधी लावतात आणि फिल्टर चोक असला तरी काटा छान दिसतो. साधा गेज फीड पंपाच्या प्लंजरच्या (आतल्या दट्ट्याच्या) धक्क्यांनी लवकर मरतो, म्हणून ग्लिसरीन भरलेला घ्या. डिझेलची नळी केबिनमध्ये मुळीच नेऊ नका. आत काटा हवाच असेल तर सेंडर (दाब मोजून वायरीने काट्याला कळवणारा) आणि वायरवाला बसवा.

आकडा किती हवा? आपल्याकडच्या साध्या इनलाइन पंपांना साधारण १ ते दीड बार, म्हणजे १५ ते २२ पीएसआय. नेमका आकडा तुमच्या पंपाच्या नंबरवरून पंपवाल्याच्या टेस्ट शीटमध्ये मिळतो, तोच धरा. इंटरनेटवर २५-३० पीएसआयचा आकडा दिसेल. तो १९९४ ते १९९८ मधल्या अमेरिकन डॉज पिकअपमधल्या कमिन्स इंजिनाचा आणि त्यावरच्या पी-७१०० पंपाचा आहे. तो वाचून आपल्या पंपाची स्प्रिंग ताणायला बसू नका.

तीन वेळा काटा वाचा: आयडलवर, उभ्या गाडीत रेस देऊन, आणि भरल्या गाडीत घाटात पूर्ण एक्सिलेटरवर. तिसरं वाचन क्लीनरला करू द्या, तुम्ही रस्ता पाहा. चढावर काटा जरा खाली येणं साहजिक आहे. अर्ध्यावर आला किंवा शून्याकडे निघाला, तर उपासमार पक्की.

मग टाकीपासून सुरुवात करा, पंपापासून नाही. सगळ्यात आधी टाकीचं झाकण. टिप्पर दिवसभर धुळीत आणि चिखलात असतो, झाकणाचं बारीक छिद्र बुजतं. डिझेल कमी होत जातं, पण वरून हवा आत येत नाही, टाकीत व्हॅक्यूम धरतो. घाटात गाडी बसली की बाजूला घेऊन झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी लगेच ओढायला लागली, तर दोष सापडला. थांबल्यावर गाडी पुन्हा ओढते, याचं हे एक कारण असू शकतं, कारण थांबलेल्या वेळात हवा हळूहळू आत झिरपते.

दुसरं कारण टाकीतली चाळणी. शेतावर ड्रममधून डिझेल भरणाऱ्या गाड्यांच्या टाक्यांत माती, गंज, कापसाचे धागे असं काय काय निघतं. पावसाळ्यात पाणी साचून तळाला काळा चिकट गाळ धरतो. जोरात ओढ लागली की कचरा चाळणीला चिकटतो, इंजिन बंद केलं की सुटून खाली बसतो. लक्षण पुन्हा तेच, थांबलं की बरं. टाकी उतरवून धुवा. वरून नळी घालून कॉम्प्रेसरची हवा मारणं म्हणजे कचरा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पाठवणं.

तिसरी गोष्ट हवा, आणि इथेच मिस्त्री लोक सगळ्यात जास्त चकतात. टाकी ते फीड पंप ही ओढणारी बाजू आहे. तिथे नळीला भेग पडली तर डिझेल बाहेर टपकेलच असं नाही, कारण चालू इंजिनात नळी बाहेरची हवा आत ओढते. नळी बाहेरून कोरडी दिसते, मिस्त्री म्हणतो, "लीक नाही ना, भाऊ." सकाळी गाडी प्रायमर (डिझेल चढवायचा हातपंप) मारल्याशिवाय उठत नसेल, तर रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीत उतरलंय असं समजा. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक डिझेल नळी घालून पाहा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. सापडतात ते दोष किरकोळ असतात: बँजो बोल्टचे (नळी जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर पुन्हा-पुन्हा वापरलेले, क्लिपखाली कापलेलं रबर, चेसिसला घासून बारीक झालेली नळी. स्वस्त बायोडिझेल भरत असाल तर जुनं रबर फुगून मऊ पडतं, हेही ध्यानात ठेवा. मऊ नळी ओढ लागली की आतून चपटी होते आणि उभ्या गाडीत पुन्हा गोल दिसते.

चोक आहे की हवा, हे ठरवायला फीड पंपाच्या आधी व्हॅक्यूम गेज लावा. काटा जास्त ओढ दाखवत असेल तर मागे कुठेतरी अडथळा आहे. ओढही कमी आणि पुढे प्रेशरही कमी, तर हवा शिरतेय किंवा फीड पंपच थकलाय. फीड पंपात कॅम प्लंजर मागे नेतो आणि डिझेल ढकलते ती स्प्रिंग. म्हणून त्याचं प्रेशर स्प्रिंग जेवढं देईल तेवढंच. स्प्रिंग दबलेली किंवा वॉल्व्हखाली कचरा असेल तर रिपेअर किट टाका, नवा पंप कशाला?

डिझेल फिल्टर बदलताना दोन्ही बदला. नकली पेपर फिल्टर पहिल्याच पाण्यात फुगतो.

एवढं करूनही प्रेशर कमी असेल तर रिटर्नच्या तोंडाचा ओव्हरफ्लो वॉल्व्ह पाहा. आत गोळी आणि स्प्रिंग असते. स्प्रिंग मेली की डिझेल सरळ टाकीत पळतं, मोठ्या पंपात दाब धरतच नाही. आयडलवर रिटर्नची रबरी नळी क्षणभर दाबा. काटा झटकन वर गेला तर फीड पंप ठीक आहे, वॉल्व्ह बदला. ही युक्ती फक्त इनलाइन पंपावर चालते. काही लोक वॉल्व्ह काढून तिथे बोल्ट मारतात आणि काटा वर गेला म्हणून खूश होतात. पण तेच रिटर्न पंपातली हवा आणि उष्णता बाहेर नेत असतं. ते बंद केलं की प्लंजर-बॅरल खराब व्हायला फार दिवस लागत नाहीत.

उष्णतेचंही सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात तुम्ही टर्बो लावलाय. डिझेलची नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर हलवा. पाव टाकीवर गाडी चालवली की गरम रिटर्न थोड्याशा डिझेलमध्ये पुन्हा-पुन्हा फिरतं, पातळ होतं आणि प्लंजरच्या बाजूने जास्त गळतं. उन्हाळ्यात अर्ध्या टाकीच्या खाली येऊ देऊ नका. रिटर्नचं तोंड सक्शनच्या अगदी शेजारी असेल तर त्याचा फेस सक्शनमध्ये जातो, ते लांब करा.

हे सगळं ठीक निघालं आणि तरीही घाटात काटा पडतो, तेव्हा इलेक्ट्रिक पंप. तो टाकीजवळ, टाकीच्या पातळीला किंवा खाली लावा, कारण हे पंप ढकलतात चांगले, ओढतात वाईट. तुमच्या गाडीला बहुधा २४ व्होल्ट असतील. १२ व्होल्टचा स्वस्त पंप जोडला तर आठवडाभरही टिकणार नाही. रिले आणि फ्यूज घाला, आणि लाइन ऑइल प्रेशर स्विचमधून न्या, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं की पंपही थांबेल. प्रेशर टेस्ट शीटच्या वर नेऊ नका. छोट्या गाडीतल्या रोटरी पंपाला तर हे जास्तच लागू, कारण त्यात आतल्या दाबावर टायमिंग पुढे सरकतं आणि शाफ्टचं सील फुटलं तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं किंवा डिझेलचा वास आला, तर गाडी जागेवर उभी करा.

कॉमन रेलच्या गाडीला (सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) वरचं बरंचसं लागू नाही. तिथे रेलमध्ये १६०० बार, काही गाड्यांत त्याहूनही जास्त दाब असतो, चालू इंजिनात नट सैल केला तर धार कातडीच्या आत घुसते. ते काम स्कॅनरवाल्याकडेच.

एक कागदाची गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीही क्लेमच्या वेळी हेच पुढे करते. माझं मत विचाराल तर पंप पुन्हा पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवर चढवून डिझेल थोडं कमीच करून घ्या. टर्बोच्या आधी एक्झॉस्ट सतत ७०० अंशांच्या वर राहिला तर पिस्टन वितळू शकतात, आणि गिट्टीच्या भाड्यात इंजिनाचा खर्च निघत नाही.

गेजची तिन्ही वाचनं, व्हॅक्यूमचा आकडा आणि पंपाच्या प्लेटवरचा नंबर इथे टाका, मग पुढचं बोलू.