पोर्श 911 की शेवरोले कॉर्वेट? तुलना करणारा प्रत्येक जण आपल्याच आवडीची गाडी का जिंकवतो?

आवड बाजूला ठेवून अशी तुलना करता येते का, हा तुमचा प्रश्न. नाही येत. आवड असण्याला माझी हरकत नाही. ती आकड्यांच्या आड लपवतात, त्याचा मला राग येतो.

2008 सालचं भांडण बघा. निस्साननं जर्मनीतल्या नूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांबलचक ट्रॅकवर आपल्या जीटी-आर या स्पोर्ट्स कारच्या एका फेरीची वेळ जाहीर केली, 7 मिनिटं 29 सेकंद. पोर्शनं स्वतः जीटी-आर विकत घेऊन पळवली, तर 7:54. तोच ट्रॅक, तेच मॉडेल आणि 25 सेकंदांची तफावत! पोर्शला टायरची शंका, निस्सान म्हणे गाडी स्टँडर्डच. तेव्हापासून 911 वाले 7:54 धरून बसलेत, जीटी-आरवाले 7:29. टायर कुठले होते, त्यांत हवा किती होती, चालकाला त्या गाडीची किती सवय होती, हे कुणी विचारत नाही. निस्सानचीच 2007 ची 7:38 ची फेरी तर अर्धवट ओल्या ट्रॅकवरची होती.

टायर आधी बघा. साध्या सी8 (म्हणजे आठव्या पिढीच्या) कॉर्वेटला ऑल-सीझन टायर येतात, झेड51 हे जादा पॅकेज घेतलं तर मिशलिन पायलट स्पोर्ट 4एस हे जास्त पकडीचे समर टायर, शिवाय मोठे ब्रेक आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारं इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल. साधी सी8 समर टायरवरच्या 911 समोर उभी केली तर ती टायरचीच तुलना झाली. हवेचंही तसंच. थंड टायरमध्ये भरलेली हवा ट्रॅकच्या दोन-तीन फेऱ्यांत 5-6 पीएसआयनं चढू शकते. ती कमी केली नाही तर टायरचा मधला पट्टाच नीट टेकतो, पकड जाते, आणि दोष गाडीच्या माथी.

ताशी 0 ते 60 मैल वेग गाठण्याच्या आकड्यातून अमेरिकन मासिकं पहिला फूटभर वगळतात, म्हणजे 0.2-0.3 सेकंद तिथेच वाचले. वर 60 मैल म्हणजे 96.6 किमी, 100 नव्हे. नॉर्डश्लाइफची जुनी फेरी 20.6 किमीची, 2019 पासून अधिकृत वेळ 20.832 किमीवर. हे न जुळवता दोन गाड्यांच्या वेळा शेजारी मांडू नयेत.

खरी आवड कळते ती वळणात. 911 चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत गेलात तर पुढची चाकं दाबून धरतात, आणि बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर लवकर देता येतो. मध्येच पाय उचललात तर मागचा भाग बाहेर यायला बघतो. सी8 चं इंजिन अ‍ॅक्सलच्या पुढे, तिथे एवढा संयम लागत नाही. कुणाला ते सोपं वाटतं, कुणाला बेचव. मला 911 चं आवडतं आणि मी ते उघड सांगतो.

गिअरचं तर आकडे मानणाऱ्यांनी ऐकूनच घ्यावं. 992 पिढीतली 911 जीटी3 पीडीकेवर, म्हणजे पोर्शच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर, 3.4 सेकंदांत ताशी 100 किमी गाठते, मॅन्युअलवर 3.9. तरी लोक मॅन्युअल घेतात. सी8 ला मॅन्युअल मिळतच नाही, त्यामुळे क्लच हवा असणाऱ्यासाठी तुलना तिथेच संपली.

हो, गाडी ट्रॅकवर नेणारच नसाल तर यातलं निम्मं सोडून द्या. मग 2025 पर्यंतच्या सी8 मधली दोन सीटमधली बटणांची उभी रांग चालते का आणि 911 च्या मागच्या छोट्या सीट लागतात का, एवढं बसून बघा.